लोड बॅलन्सरमागची शांत कनेक्शनं पहिल्याच मेसेजला तुटतात. आरएसटी (कनेक्शन तोडणारं टीसीपी पॅकेट) नक्की कोण पाठवतंय?

मापनसेवा

क्युबरनेटीस क्लस्टर (अनेक सर्व्हरांवर सेवा चालवणारी व्यवस्था) चालवणाऱ्यांना विचारायचं आहे. थोडं लांब लिहिते, कारण अपुऱ्या माहितीवर "टाइमआउट वाढवून बघा" एवढंच उत्तर येतं आणि ते आमच्याकडे करून झालंय.

मांडणी अशी आहे. वीज मोजणारी सुमारे १२,००० यंत्रं मोबाइल सिमवरून आमच्या सेवेशी टीसीपी कनेक्शन उघडतात आणि ते उघडंच ठेवतात. वाटेत आधी चौथ्या थरावरचा (टीसीपीच्या पातळीवर कनेक्शनं वाटणारा) लोड बॅलन्सर, मग नोडपोर्ट (नोडवरचं, म्हणजे क्लस्टरमधल्या एका सर्व्हरवरचं दार), मग क्यूब-प्रॉक्सी (पॅकेट पॉडकडे वळवणारा), शेवटी पॉड (ज्यात आमचा प्रोग्रॅम चालतो). लोड बॅलन्सर पॅकेट फक्त पुढे ढकलतो, टीएलएस (एन्क्रिप्शन) पॉडमध्येच उलगडतं. पॉडमध्ये जावा आणि नेटी (जावाची नेटवर्क लायब्ररी). क्यूब-प्रॉक्सी आयपीव्हीएस (लिनक्स कर्नलमधला लोड बॅलन्सर) मोडमध्ये. सर्व्हिसवर 'एक्स्टर्नल ट्रॅफिक पॉलिसी' आम्ही बदललेली नाही, म्हणजे 'क्लस्टर' आहे (कुठल्याही नोडवर उतरलेलं कनेक्शन दुसऱ्या नोडवरच्या पॉडकडेही जाऊ शकतं).

दिवसा यंत्रं दर मिनिटाला आकडे पाठवतात, रात्री अर्ध्या तासाने. आता त्रास सांगते.

रात्री यंत्राने आकडा पाठवला की बऱ्याचदा लगेच 'कनेक्शन रिसेट बाय पिअर' येतं. यंत्र नवं कनेक्शन उघडतं, आकडा पोचतो. पण पॉडच्या लॉगमध्ये या घटनेचा मागमूस नसतो. पॉडच्या लेखी जुनं कनेक्शनही जिवंतच. त्यामुळे सकाळपर्यंत पॉडांवरची उघडी कनेक्शनं यंत्रांच्या संख्येच्या कितीतरी पट होतात आणि मेमरी चढते.

दुसरं, आम्ही सेवेकडून यंत्राला आज्ञा पाठवतो (दर बदलणं, घड्याळ जुळवणं). यातल्या काही आज्ञा पंधरा मिनिटं अडकून राहतात आणि मग 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणून अपयशी ठरतात.

नेटवर्क टीमने लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउट ५ मिनिटांवरून १ तासावर नेला. आम्हाला वाटलं सुटलो. पण रात्रीचे रिसेट चालूच आहेत. टेबलावरच्या चाचणी क्लायंटने वेगवेगळा वेळ गप्प बसून पाहिलं: १४ मिनिटं गप्प बसला तर चालतं, १६ मिनिटांनी तुटतं. हे पंधरा कुठून आले ते कळत नाही, कारण आमच्या कुठल्याच कॉन्फिगमध्ये १५ मिनिटं किंवा ९०० सेकंद लिहिलेलं नाही.

आणि एक. कधी कधी भर दुपारी, यंत्रं व्यवस्थित बोलत असताना, शेकडो कनेक्शनं एका झटक्यात जातात. पॉड रीस्टार्ट झालेले नसतात, सीपीयू शांत असतो.

या यंत्रांचं फर्मवेअर बदलणं म्हणजे महिन्यांचं काम आहे, तेव्हा उपाय आमच्या बाजूने करता येईल असा हवा. आज्ञा वेळेवर न पोचणं ही आमच्यासाठी लहान गोष्ट नाही. पलीकडे कोणाचं तरी वीजबिल असतं.

कर्नलकट्टा

सगळ्यात आधी नोडवर डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघा. 'एनएफ_कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' अशी ओळ दिसली तर बाकी शोध नंतर (कॉनट्रॅक म्हणजे कर्नलची चालू कनेक्शनांची नोंदवही). क्यूब-प्रॉक्सी दर कोअरमागे ३२,७६८ नोंदींची आणि कमीत कमी १,३१,०७२ नोंदींची मर्यादा लावतो. उघडी कनेक्शनं साचत असतील तर लहान नोडवर ती भरू शकते. कॉनट्रॅकची आकडेवारी काढून 'इन्सर्ट फेल्ड' आणि 'इनव्हॅलिड' हे रकानेही तपासा.

मापनसेवा

बघितलं. तशी ओळ कुठल्याही नोडवर नाही. टेबल एक दशांशसुद्धा भरलेलं नाही, 'इन्सर्ट फेल्ड' शून्य. 'इनव्हॅलिड' थोडे आहेत, पण रिसेटच्या वेळांशी जुळत नाहीत.

पॅकेटवाचक

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे आजार आहेत आणि लक्षणं सारखी असल्यामुळे ते एकात मिसळलेत. दुपारचा झटका सध्या बाजूला ठेवू. रात्रीचा रिसेट आणि पंधरा मिनिटांची अडकलेली आज्ञा, यांचे पंधरा एकच आहेत असं वाटेल. ते एक नाहीत.

माझं अनेक वर्षांचं काम नेटवर्कचं, क्लस्टर नंतर आले. त्या कामाने लावलेली एक सवय मी सोडलेली नाही: कनेक्शन कोणी मारलं हे कळेपर्यंत एकही टाइमआउट बदलायचा नाही. बदललात की पुरावा हलतो. तुमच्याकडे तेच झालंय. लोड बॅलन्सरचे ५ मिनिटं गेले आणि त्यांच्यामागे दडलेला दुसरा आकडा पुढे आला.

आधी एक मूळ गोष्ट, कारण ती समजली की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. टीसीपीला गप्प बसायला मुभा आहे. दोन टोकांनी दिवसभर एक बाइटही पाठवला नाही तरी कनेक्शन कायम राहतं. १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये (इंटरनेटचा मानक दस्तऐवज) लिहिलंय की कीपअलाइव्ह (गप्प कनेक्शनचं पलीकडचं टोक जिवंत आहे का ते बघणारी तपासणी) असलाच तर तो मुळात बंद असावा आणि त्याचं अंतर मुळात दोन तासांपेक्षा कमी धरू नये. म्हणून लिनक्समध्ये आजही ७,२०० सेकंद आहेत. त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने ९ तपासण्या. म्हणजे मेलेलं टोक कळायला २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. पुढे वाटेत नॅटवाले (पत्ते बदलून पॅकेट पुढे देणारे) डबे आले. त्यांच्यासाठी २००८ मध्ये आरएफसी ५३८२ ने सांगितलं की चालू कनेक्शनची नोंद २ तास ४ मिनिटांच्या आत विसरू नका. हा आकडा त्या दोन तासांवरूनच आलेला आहे.

प्रत्यक्षात काय आहे? एडब्ल्यूएसचा नेटवर्क लोड बॅलन्सर टीसीपीसाठी ३५० सेकंदांनी विसरतो (२०२४ पासून हा आकडा ६० ते ६,००० सेकंदांत बदलता येतो). अझ्युअर लोड बॅलन्सर मुळात ४ मिनिटांवर असतो. गूगल क्लाउडच्या नेटवर्कमध्ये गप्प कनेक्शनची नोंद १० मिनिटांनी जाते. म्हणजे दोन्ही टोकं दोन तासांच्या हिशेबाने निवांत असतात आणि मधला काही मिनिटांत विसरून मोकळा होतो. तो विसरताना दोन्ही टोकांना एफआयएन (कनेक्शन बंद करतोय असं सांगणारं पॅकेट) पाठवून कळवेलच असं नाही. पॉडच्या लॉगमध्ये काही दिसत नाही ते म्हणूनच. पॉडपर्यंत काही आलेलंच नसतं.

आता तपास. चाचणी क्लायंटवर, पॉड जिथे आहे त्या नोडवर आणि लोड बॅलन्सरकडून पॅकेट ज्या नोडवर उतरतं तिथे, अशा तीन ठिकाणी एकाच वेळी टीसीपीडम्प (पॅकेट टिपणारं साधन) लावा. क्लायंटला २० मिनिटं गप्प ठेवून मग एक मेसेज पाठवायला लावा. तीन गोष्टी बघायच्या. मेसेजचं पॅकेट कुठपर्यंत पोचलं? आरएसटी कुठून निघाला? आणि क्लायंटवर आलेल्या आरएसटीचा टीटीएल किती?

टीटीएलवर जोर देतो, कारण हे लोक विसरतात. पॅकेट जितक्या राउटरांतून जातं तितक्यांनी टीटीएल एकेकाने घटतो. पॉडकडून आलेल्या आधीच्या डेटा पॅकेटांचा टीटीएल आणि आरएसटीचा टीटीएल वेगळा असेल, तर आरएसटी पॉडने पाठवलेला नाही. पत्ता पॉडच्या सेवेचाच दिसतो, पण टीटीएल खरा पाठवणारा उघड करतो. फरक फार मोठा असेल (काही डबे २५५ पासून मोजतात) तर लोड बॅलन्सरवर संशय घ्या. फरक एक-दोनचा असेल तर क्लस्टरच्या आतच शोधा.

सोबत पॉडच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (त्याच्या स्वतंत्र नेटवर्क कप्प्यात) एसएस कमांड (उघडी कनेक्शनं दाखवणारी) टी, एन, ओ या पर्यायांसह चालवा. उघड्या कनेक्शनांपुढे 'टाइमर: कीपअलाइव्ह' दिसतं का तेवढं सांगा.

मापनसेवा

कॅप्चर घेतले. डेटा पॅकेटांचा टीटीएल क्लायंटवर ५० येतो आणि आरएसटीचा ५२. मेसेजचं पॅकेट लोड बॅलन्सर ओलांडून पहिल्या नोडवर उतरलेलं दिसतं. त्याच नोडवरून लगेच आरएसटी बाहेर पडतो. पॉड दुसऱ्या नोडवर होता; तिथे त्या वेळी काहीच आलेलं नाही.

एसएसमध्ये एकाही कनेक्शनपुढे टाइमर नाही. नोडवर मात्र आम्ही टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइम ६०० केलेला आहे, तो का लागू होत नाही?

पॅकेटवाचक

छान. आता अंदाज करायची गरज उरली नाही.

पहिल्या नोडवर आयपीव्हीएसचं नोंदींचं टेबल आहे. त्या नोडवर आयपीव्हीएसएडीएमला टाइमआउट दाखवायला सांगा: ९०० १२० ३०० असे तीन आकडे येतील. पहिला टीसीपीचा. हेच तुमचे ९०० सेकंद. ते कुठल्याही कॉन्फिगमध्ये सापडणार नाहीत, कारण ते कर्नलने स्वतः धरलेले आहेत. क्यूब-प्रॉक्सीला तसं सांगितलं नाही तर तो त्यांना हात लावत नाही. गंमत अशी की कॉनट्रॅकच्या नोंदीला क्यूब-प्रॉक्सी २४ तास देतो, त्यामुळे कॉनट्रॅक बघणाऱ्याला सगळं जागेवर दिसतं आणि आयपीव्हीएस मात्र पंधरा मिनिटांत विसरलेलं असतं. नोंद गेल्यावर मधलंच पॅकेट आलं की आयपीव्हीएस ते नव्या कनेक्शनची सुरुवात मानत नाही. पॅकेट नोडच्या स्वतःच्या टीसीपीकडे जातं, तिथे असा सॉकेट नाही, म्हणून नोड आरएसटी पाठवतो. पॉडकडून येणारी पॅकेटं आधी पॉडचा नोड आणि मग हा नोड असे दोन टप्पे पार करतात, आरएसटी याच नोडवर जन्मतो. ५० आणि ५२ मधला दोनचा फरक तोच.

नोडवरचा ६०० लागू होत नाही याची कारणं दोन. कीपअलाइव्हचे हे आकडे प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसचे वेगळे असतात; पॉडला त्याचे स्वतःचे ७,२०० मिळतात. आणि त्याहून आधी, सॉकेटवर कीपअलाइव्ह चालू केलेलाच नाही, तुमच्या एसएसने ते सांगितलं. जावात तो आपणहून चालू होत नाही. गोमध्ये १.१३ पासून तो आपोआप चालू असतो आणि १५ सेकंदांचा असतो, म्हणून त्याच क्लस्टरमधल्या गोच्या सेवा या त्रासातून वाचलेल्या दिसतात आणि लोक जावाला दोष देत बसतात.

तुमच्या उपायाचा गाभा आता. फर्मवेअरला हात लावायची गरज नाही. कीपअलाइव्ह एका टोकाने केला तरी पुरतो: पॉड रिकामं तपासणी पॅकेट पाठवतो, यंत्राच्या टीसीपीला त्याला एसीके (पॅकेट मिळाल्याची पोच) द्यावाच लागतो, आणि या जाण्या-येण्यात वाटेतल्या प्रत्येकाची नोंद ताजी होते. यंत्रावरच्या प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही.

नेटीमध्ये कीपअलाइव्ह 'चाइल्ड ऑप्शन' म्हणून द्या, म्हणजे स्वीकारलेल्या कनेक्शनांना लागेल. मग पॉडच्या सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमध्ये सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंगं) लिहा: टाइम १२०, इंटरव्हल ३०, प्रोब्ज ४. टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइम क्युबरनेटीस १.२९ पासून सुरक्षित यादीत आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर क्यूबलेटला (नोडवर पॉड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) वेगळी परवानगी द्यावी लागेल. किंवा नेटीचा ईपोल ट्रान्सपोर्ट वापरत असाल तर हेच आकडे सॉकेटवर कोडमधूनच देता येतात, मला ते जास्त आवडतं, कारण सेवेची गरज सेवेच्या कोडमध्ये वाचायला मिळते.

१२० का? वाटेतला सगळ्यात लहान आकडा धरायचा आणि त्याच्या निम्म्याखाली राहायचं, म्हणजे एक तपासणी हरवली तरी दुसरीला वेळ असतो. तुमच्याकडचा लहान आकडा मुळात ३०० होता. आता १ तास केलाय तो परत ३०० केला तरी चालेल. उलट मी म्हणेन कराच: मोठा टाइमआउट म्हणजे लोड बॅलन्सरवर मेलेल्या कनेक्शनांचा साठा.

अडकलेली आज्ञा मात्र याने पूर्ण सुटणार नाही, इथे नीट लक्ष द्या. पाठवलेल्या डेटाला एसीके यायचा बाकी असेल तोवर कीपअलाइव्ह चालत नाही. तेव्हा पुन्हा-पुन्हा पाठवण्याचं वेगळं घड्याळ चालतं. लिनक्सचा टीसीपी_रिट्राइज२ १५ असतो आणि अंतरं वाढत जाऊन त्याची बेरीज ९२४.६ सेकंदांच्या वर जाते. हे तुमचे दुसरे पंधरा मिनिटं. यंत्राची वीज गेली, सिमचं नेटवर्क गेलं किंवा मधल्या डब्याने पॅकेट गिळलं, तर पॉड एवढा वेळ आशेवर राहतो. यासाठी सॉकेटवर टीसीपी यूजर टाइमआउट (उत्तराची वाट किती वेळ बघायची ती मर्यादा) लावा. तो कीपअलाइव्हच्या एकूण वेळेच्या किंचित खाली ठेवा: १२० अधिक ३० गुणिले ४ म्हणजे २४०, तर २३० द्या. त्याला ६० केलंत तर एकच तपासणी हरवली तरी चांगलं कनेक्शन मारलं जाईल. यूजर टाइमआउट असला की कर्नल तपासण्या मोजत नाही, तो वेळ मोजतो. मोबाइल सिमवर पॅकेट हरवणं रोजचं आहे.

चार मिनिटांपेक्षा लवकर कळायला हवं असेल तर आज्ञेला यंत्राकडून पोच मागा आणि त्यावर तुमचा स्वतःचा टाइमआउट लावा. टीसीपीच्या एसीकेवरून यंत्राने आज्ञा वाचली असं समजू नका. एसीके फक्त तिथल्या कर्नलपर्यंत पोचल्याचा असतो.

ढगाखाली

दुपारच्या झटक्याबद्दल मी लिहितो, आमच्याकडे हेच होतं. एक प्रश्न: क्लस्टर ऑटोस्केलर (गरजेप्रमाणे नोड वाढवणारा-काढणारा) चालू आहे का? असेल तर झटक्याच्या वेळा आणि नोड काढल्याच्या वेळा शेजारी ठेवून बघा.

पॉलिसी 'क्लस्टर' असली की लोड बॅलन्सर कुठल्याही नोडवर कनेक्शन उतरवतो, मग तो नोड ते दुसऱ्या नोडवरच्या पॉडकडे नेतो. कनेक्शनचा जीव त्या मधल्या नोडच्या टेबलात असतो. ऑटोस्केलरला तो नोड रिकामा दिसतो (तुमचा पॉड त्याच्यावर नाहीच), तो काढून टाकतो, आणि त्याच्यावरून जाणारी सगळी कनेक्शनं एकदम जातात. पॉडला रीस्टार्ट नाही, पॉडच्या नोडला काही नाही. तुमचं वर्णन अगदी हेच आहे. लांब चालणाऱ्या कनेक्शनांसाठी पॉलिसी 'लोकल' करा. मग लोड बॅलन्सर फक्त पॉड असलेल्या नोडांवरच येतो, कारण पॉड नसलेला नोड हेल्थ चेकला नापास होतो. मधला टप्पा गेला, वर यंत्राचा खरा आयपी पत्ताही पॉडला दिसू लागतो.

किंमत अशी की वाटणी असमान होऊ शकते. लोड बॅलन्सर नोडांमध्ये वाटतो, पॉडांमध्ये नाही. एका नोडवर तीन पॉड आणि दुसऱ्यावर एक असेल तर त्या एकट्यावर अर्धा भार. टोपॉलॉजी स्प्रेड लावून पॉड सारखे पसरवा.

आणि पॉड बदलताना: एसआयजीटर्म (बंद होण्याचा इशारा) पाठवणं आणि एंडपॉइंट यादीतून पॉड काढणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होतात, एकमेकींची वाट बघत नाहीत. पॉड लगेच बंद झाला तर मधल्या काही क्षणांत आलेली नवी कनेक्शनं आपटतात. 'लोकल'मध्ये हे जास्त जाणवायचं, कारण नोडवरचा शेवटचा पॉड जात असतो आणि लोड बॅलन्सरचा हेल्थ चेक मागाहून जागा होतो. १.२६ पासून क्यूब-प्रॉक्सी अशा वेळी बंद होत असलेल्या पॉडकडेच कनेक्शन देतो, म्हणून पॉडने थोडा वेळ स्वीकारत राहणं महत्त्वाचं. प्री-स्टॉपमध्ये (बंद होण्याआधी चालणाऱ्या पायरीत) झोप द्या. ती हेल्थ चेकच्या अंतर गुणिले अपयशांची संख्या याहून जास्त असू द्या.

मग उघडी कनेक्शनं एकदम तोडू नका. तुमचे पॉड चार धरले तर प्रत्येकी ३,०००. सेकंदाला १० बंद केली तर ३०० सेकंद लागतात. ग्रेस पीरियड (पॉडला बंद व्हायला मिळणारा वेळ) मुळात फक्त ३० सेकंदांचा असतो आणि प्री-स्टॉपची झोपही त्यातूनच जाते, तेव्हा तो ३६० च्या आसपास न्या. एकदम ३,००० यंत्रं परत जोडायला धावली तर टीएलएसच्या हातमिळवणीतच पॉड दमतात आणि मग हेल्थ चेक पडून दुसरा पॉडही जातो. हे मी होताना पाहिलंय, म्हणून सांगतोय.

शांतवायर

आमच्याकडे जीआरपीसी (सेवांनी एकमेकींना कॉल करायची पद्धत) आहे, गप्प स्ट्रीम अशाच तुटतात. क्लायंटवर ३० सेकंदांचा कीपअलाइव्ह लावला तर तुटणं वाढलं. हे उलटं का?

पॅकेटवाचक

जीआरपीसीचा कीपअलाइव्ह टीसीपीचा नसतो, तो एचटीटीपी/२ चा पिंग असतो, आणि सर्व्हर त्यावर नियम लावतो. मुळात ५ मिनिटांतून एकदापेक्षा जास्त वेळा पिंग आलेले त्याला चालत नाहीत. दोन-तीनदा सोसून तो 'टू मेनी पिंग्ज' असं कारण देऊन गोअवे पाठवतो आणि कनेक्शन बंद करतो. सर्व्हरची एनफोर्समेंट पॉलिसी आधी सैल करा, क्लायंट नंतर. चालू कॉल नसतानाही पिंग हवे असतील तर ती परवानगी दोन्हीकडे वेगळी द्यावी लागते.

यात एक गोष्ट जोडतो, ती मापनसेवांनाही पुढे लागेल. मधला डबा सातव्या थरावर (ॲप्लिकेशनच्या पातळीवर) काम करणारा प्रॉक्सी असेल, तर टीसीपी कीपअलाइव्हला तो स्वतःच उत्तर देतो. तपासणी पलीकडच्या टोकापर्यंत जातच नाही. असे बरेच प्रॉक्सी आयडल वेळ मोजताना फक्त खरा डेटा धरतात. तिथे पिंग किंवा ॲप्लिकेशनचा स्वतःचा हार्टबीटच हवा.

मापनसेवा

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑटोस्केलरचा लॉग लावून पाहिला, दुपारचा प्रत्येक झटका नोड काढल्याच्या मिनिटालाच आहे. 'लोकल' पॉलिसी चाचणी क्लस्टरवर लावली आहे, पॉड पसरवायचं काम चालू आहे.

कीपअलाइव्ह एका पॉडवर लावला. एसएसमध्ये आता टाइमर दिसतो, आणि त्या पॉडवरची उघडी कनेक्शनं त्याच्या यंत्रांच्या संख्येशी जुळायला लागली. रात्रीचे रिसेट तिथे जवळपास थांबले.

सिमच्या डेटाचा प्रश्न टीममध्ये निघाला, तो हिशेब इथे लिहून ठेवते, कोणाला उपयोग होईल. यंत्र पूर्ण गप्प असेल तर दिवसाला ७२० तपासण्या. टाइमस्टॅम्प धरून एक पॅकेट ५२ बाइट, त्याचं उत्तर ५२. म्हणजे दिवसाला सुमारे ७५ केबी, महिन्याला सव्वादोन एमबी. आणि दिवसा यंत्र दर मिनिटाला बोलतं तेव्हा तपासणी जातच नाही, तेव्हा प्रत्यक्षात याहून कमी. पॉडांच्या बाजूने बघितलं तर १२,००० भागिले १२०, सेकंदाला १०० पॅकेटं. हे आम्हाला परवडतं.

उरलेला प्रश्न असा. एका मोबाइल कंपनीच्या सिमवरची काही यंत्रं १२० सेकंदांच्या तपासण्या असूनही तुटतात. पॉडवर त्यांचं कनेक्शन चार तपासण्या अनुत्तरित राहून बंद होतं. बाकी सिमवर असं होत नाही.

पॅकेटवाचक

मग त्या कंपनीच्या नॅटची नोंद १२० सेकंदांच्या आत जाते आहे असं दिसतं. नोंद गेली की आतल्या दिशेने येणारी तपासणी यंत्रापर्यंत पोचूच शकत नाही. अंदाजाने १२० चे ६० करू नका, मोजा. त्याच सिमवर चाचणी क्लायंट लावा, सर्व्हरकडचा कीपअलाइव्ह त्या चाचणीपुरता बंद ठेवा, आणि क्लायंटला जोडून गप्प बसवा. मग सर्व्हरकडून एक बाइट पाठवा आणि तो पोचतो का बघा. ६० सेकंदांना पोचला आणि ११० ला नाही, तर मधल्या ८५ ला पहा. असं निम्मं-निम्मं करत आकडा लवकर सापडतो. बाइट सर्व्हरकडूनच जाऊ द्या. क्लायंटने पाठवला तर काही नॅट नवी नोंद उघडून देतात, पण पत्ता किंवा पोर्ट बदललेला असतो आणि मग निकाल फसवा येतो. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा मोजा, कारण गर्दीत काही नॅट नोंदी लवकर काढतात.

सापडलेल्या सगळ्यात लहान आकड्याच्या निम्म्याखालचा टाइम फक्त त्या सिमच्या कनेक्शनांना द्या. आयपी पट्ट्यावरून ती ओळखता येतील, कारण 'लोकल' केल्यावर खरा पत्ता पॉडला दिसेल. आकडे कोडमधून सॉकेटवर लावायला मी सुचवलं होतं ते इथे कामी येईल. पॉडच्या सिसकंट्रोलने सगळ्यांना एकच आकडा लागतो. आणि त्या सॉकेटांचा यूजर टाइमआउटही त्याच हिशेबाने खाली आणा.

मापनसेवा

पॉलिसी आधी, मग हे. मोजणी आज रात्रीपासून लावते, दोन्ही वेळांचे आकडे आले की इथेच टाकते.